साक्षीला कोराग

खुर्ची नव्हती. देर्दास राजा दुपारचा जेवणाच्या दालनातून नुसता चालला होता, कारण दालन ओलांडलं की गच्चीवर नदीचा वारा लागतो. आपल्या मंचकाच्या डावीकडे रोज असते तिथं खुर्ची नाही, हे त्याच्या आधी त्याच्या गुडघ्याला कळलं. गेली कित्येक वर्षं तो गुडघा त्या खुर्चीच्या कोपऱ्यावर आपटत आला होता. आज आपटला नाही. जिना संपला तरी माणूस आणखी एक पायरी उतरायला जातो, तसं झालं. खुर्चीच्या जागी मंचक होता. नवाकोरा, हस्तिदंती पायांचा, वर जांभळी गादी आणि अजून कुणाचं कोपर न टेकलेली फुगीर उशी.

"मत्तन," तो म्हणाला. वाड्याचा कारभारी मत्तन हा सीरियन गृहस्थ हाक मारल्यावर कुठून उगवतो हे राजाला अजून उमगलेलं नव्हतं. "खुर्ची कुठंय?"

"कोठीत ठेवली, महाराज. आता काय करायचीय? युवराजांनी डुक्कर मारलं."

"कधी?"

"सकाळी म्हणे. घोडेस्वार पुढं आला सांगायला."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"महाराज झोपले होते. वाईट बातमीला उठवायचं, चांगलीला नाही, असा महाराजांचाच हुकूम आहे."

"साक्षीला कोण होतं?"

"कोराग सरदार."

राजा नव्या मंचकावर बसला. मग आपण कुठं बसलोय हे लक्षात येऊन उठला.

चांगली बातमी होती, यात वाद नव्हता. मॅसेडोनियाच्या डोंगरात रीत अशी की ज्यानं जाळं न लावता, समोरासमोर, भाल्यानं रानडुक्कर मारलं त्यानंच पंक्तीत मंचकावर आडवं होऊन जेवायचं. बाकीच्यांनी खुर्चीवर ताठ बसायचं, पोरासोरांसारखं. डोंगर सोडून लोक इतक्या लांब आले, वाटेत भाषा, देव, बायका, सगळं थोडंथोडं बदललं, पण ही रीत त्यांनी अंगावरच्या जखमेसारखी बरोबर आणली. देर्दासचा मुलगा माखातास तिशीला आला होता. त्यानं दोन लढायांत घोडदळ चालवलं, एकीत खांद्यात बाण घेतला, एकीत तर बापाचाच जीव वाचवला. पण माणसं किती मारली याला पंक्तीत मोजमाप नव्हतं. डुक्कर मारलं नव्हतं, म्हणून बापाच्या डावीकडे तो खुर्चीवर बसून जेवायचा आणि त्यानं ज्यांना लढाईत हुकूम दिले ते सरदार त्याच्या समोर लोळत ऑलिव्हच्या बिया थुंकायचे. पिऊन झाल्यावर कुणीतरी म्हणायचंच, "माखा, पाठ दुखत नाही का रे?" आणि माखातास हसायचा. ते हसणं देर्दासला पाठ होतं. त्याच्या स्वतःच्या बापाचंही तसंच होतं.

उद्या सकाळी मैदानात फौज जमणार होती. राजा विचारणार, माझ्याबरोबर माझा मुलगा राजा म्हणून तुम्हाला चालेल का, आणि फौज ढालींवर भाले आपटून हो म्हणणार. किंवा आपटणार नाही. आई इराणी, म्हणून आधीच कुजबूज होती. त्यात खुर्चीवर बसणारा. देर्दासच्या पश्चात दुसऱ्या दिवशी सरदारांनी पोराचा गळा चिरला असता आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांचा, हे त्याला नक्की ठाऊक होतं, कारण तो स्वतः अशाच एका तिसऱ्या दिवसातून जगला-वाचला होता. म्हणजे चांगलीच बातमी होती. मग तो गच्चीवर जाऊन वारा का खात नव्हता? दालनातच येरझाऱ्या का घालत होता?

कोरागमुळे. कोराग साक्षीला होता यामुळे.

त्याला डोंगरातलं ओकच्या झाडांचं ते रान आठवलं. ओला पाचोळा, आणि पाचोळ्याखालून येणारा अळंब्यांचा वास. इथं सीरियात तो वास नाही. इथं धूळ, तेल, नदी आणि माणसं यांचाच वास. तेव्हा त्याला मिसरूड फुटलेलं, हातात बापाचा भाला, आणि रीतीप्रमाणे बरोबर एक आडवा होणारा माणूस साक्षीला. तो कोराग. वयानं थोडाच मोठा, पण तेव्हाही त्याला बसलं की झोप यायची. त्यानं झाडाला पाठ टेकली आणि म्हणाला, "हो पुढं, मी आहे." डुक्कर आलं ते वरून, उतारावरून. भाला छातीत गेला, आणि मग जे झालं त्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. भाला लागल्यावर डुक्कर मागं हटत नाही. पुढं येतं. भाल्यावरून वर चढत येतं, पात्यामागं बसवलेल्या आडव्या दांडीपर्यंत, आणि दांडीला छाती लावून ढकलत राहतं, त्याचा श्वास तुमच्या मनगटांवर येतो, आणि तुम्ही आणि ते एकाच काठीच्या दोन टोकांना लोंबकळत किती वेळ राहता हे सांगता येत नाही. ते मेलं तेव्हा देर्दासला आधी वाटलं आपणच मेलो. वळून पाहिलं तर कोराग घोरत होता.

उठवल्यावर त्यानं डुकराकडे पाहिलं, देर्दासकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी पाहिलं."

"काय पाहिलंस?"

"सगळं. दिसलं ना मेलेलं? जिवंत असताना यानं काय केलं असेल ते कळतं माणसाला."

आणि गावात जाऊन त्यानं झ्यूसची शपथ घेतली. खऱ्या गोष्टीची खोटी साक्ष. देर्दास आडवा झाला. आडवा होणारा म्हणून त्याला तुकडी मिळाली, तुकडीवरून पथक, पथकावरून फौजेची एक अख्खी बाजू. मग तरुण राजा, ज्याच्यामागं सगळे निम्मं जग चालले होते, बाबिलोनमध्ये तापानं गेला, आणि सेनापतींनी त्याचं प्रेत निवायच्या आत त्याचं जग वाटून घेतलं. पुढं एकानं कपाळाला राजाची पांढरी पट्टी बांधली, तशी वर्षाच्या आत सगळ्यांचीच कपाळं दुखायला लागली. देर्दासनंही बांधली. शहर वसवलं, त्याला आईचं नाव दिलं, अदाया. आईनं जन्मभर शेळ्या राखल्या, तिनं कधी रस्ता पाहिला नव्हता. आता लोक दरबारात येऊन सांगत, अदाया तुंबली आहे, महाराज, अदायात फार घाण झाली, आणि तो मान हलवून म्हणे, बघतो. हे सगळं, हत्ती, गटारं, पाच बंदरं आणि पांढरी पट्टी, एका झोपलेल्या माणसाच्या शपथेवर उभं होतं. त्याला स्वतःला याचं कधी काही वाटलं नाही, कारण डुक्कर त्यानं मारलं होतं. पण आज पहिल्यांदाच मनात आलं की कोरागची साक्ष काय लायकीची आहे हे अख्ख्या राज्यात एका आपल्यालाच ठाऊक आहे. दुसऱ्या कुठल्याही बापाला आज झोप लागली असती.

पोरानं शिकार केली ती राजाच्या राखीव बागेत. चारी बाजूंनी भिंत. इराणी राजांची जुनी बाग, देर्दासला मुलखाबरोबर आयतीच मिळालेली. भिंत हे जाळंच की नाही, यावर दोन म्हातारे सरदार महिनाभर वाद घालत होते. भिंत लांब असली तर जाळं नाही, असा शेवटी निकाल लागला. पण त्या बागेत राखणदार रोज संध्याकाळी जव टाकतात आणि टाळी वाजवतात, आणि टाळी ऐकली की डुकरं येतात, हे वादात कुणी काढलं नाही. देर्दासनं एकदा गच्चीवरून ते पाहिलं होतं. एक भलं थोरलं डुक्कर राखणदाराच्या मांडीला अंग घासत होतं.

तो राणीकडे गेला. वर्दगुना केस वाळवत बसली होती. पिकलेल्या केसांना ती अजून डाळिंबाच्या सालीचं पाणी लावायची.

"ऐकलंस ना? माखानं डुक्कर मारलं."

"ऐकलं. त्याच्यासाठी मेंढा कापायला सांगितला, डुक्कर मला पानात नको." मग त्याच्या तोंडाकडे बघून, "आता काय झालं?"

"कुठं काय."

"तुमची ही रीत मला लग्नाच्या दिवशीही कळली नाही, आजही नाही. आमच्याकडं राजा बसून जेवतो. आडवा होऊन जेवतो तो आजारी माणूस. लग्नात तुम्ही सगळे एकदम कलंडलात तेव्हा माझ्या आईनं वैद्याला बोलावलं होतं."

"ते माहीत आहे. किती वेळा सांगशील?"

"तुम्ही उठून बसेस्तोवर."

एरवी तो हसला असता. त्याच्या डोळ्यांपुढे बाप आला. बापानं डुक्कर मारलं नाही. का, ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. लग्नकार्यात, श्राद्धात, शेजाऱ्याच्या पंक्तीत तो खुर्चीवर बसायचा, पाठ ताठ, गुडघ्यांवर हात, आणि विनोद झाला की सगळ्यांच्या आधी हसायचा. देर्दास पहिल्यांदा आडवा झाला त्या दिवशीही बाप शेजारी खुर्चीवरच होता. रीतीनं पहिला पेला बापानं द्यायचा. बापानं भरून दिला, देर्दासनं धरला, आणि पेला हातातून निसटून छातीवर सांडला. मनगटांत जीवच नव्हता. डुकरानं तो कधीच ओढून नेला होता. पुढं कित्येक दिवस त्याला चपलेचा बंद बांधता आला नाही. बाप शरमेनं काळा पडला, वाकून आपल्या अंगरख्यानं त्याची छाती पुसू लागला. पण आडवे झालेले म्हातारे एकमेकांकडे बघून हसले. एकानं तर डोळे पुसले. तेव्हा देर्दासला कळलं की कोरागच्या शपथेचा प्रश्नच नव्हता. शपथ पोरासोरांसाठी होती. साक्ष पेला देतो. ज्यांनी डुक्कर मारलंय त्यांना ते कळतं, आणि ते कुणी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की संपलं. बापाला बिचाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की पोरानं ऐन वेळी घोटाळा केला.

आणि आज संध्याकाळी पहिला पेला त्यानं माखाला द्यायचा होता. समोर चार-पाच म्हातारे असतील. बाकीचे तरुण, त्यांची डुकरं कुठं आणि कशी मेली ते देव जाणे. पण ते चार-पाच बघतील, आणि उद्या मैदानात भाला आपटायचा की नाही ते ठरवतील. त्यांनी नाही आपटला तर कुणीच आपटणार नाही.

माखातास न्हाणीघरात होता. गरम पाण्याच्या टाकीत गळ्यापर्यंत. बापाला पाहून उठायला लागला.

"बस, बस."

"कळलं ना, बाबा?"

"कळलं. मोठं होतं?"

"चांगलं होतं."

"कोराग होता म्हणे."

"होते ना कोरागकाका. त्यांनी पाहिलं."

"झोपला नव्हता?"

माखातास हसला. "तुम्हाला कसं कळलं? जरा लागला होता डोळा. पण म्हणाले, मी पाहिलं."

वाफेत काही नीट दिसत नव्हतं. देर्दासला पोराचे हात बघायचे होते, आणि हात पाण्याखाली होते. पाण्याखाली कुठलाही हात थरथरल्यासारखा दिसतो. पण खरंच मारलं असेल, त्याला वाटलं. माझ्या वेळीही कोराग झोपलाच होता. मलाही कुणी पाहिलं नाही. मग मी कोण याच्यावर संशय घेणारा? आणि लगेच वाटलं, ही गोष्ट कोरागनं याला कधी सांगितली असेल तर? झोपलो होतो, उठलो, म्हणालो पाहिलं. सोयीची गोष्ट आहे. वापरून मऊ झालेली.

"लागलं कुठं?" त्यानं विचारलं.

"छे."

"दुखतंय? खांदा, हात?"

"काहीसुद्धा नाही," पोरगा म्हणाला, आणि शूर माणसानं द्यावं तसं उत्तर दिल्याच्या आनंदात त्यानं बापाकडे मान वर करून पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. पेला दोन्ही हातांनी धर. किंवा, थोडा सांडू दे. देर्दासच्या जिभेवर ते आलंही. त्यानं यापेक्षा फार वाईट गोष्टी लोकांना शिकवल्या होत्या, करवून घेतल्या होत्या, काही स्वतः केल्या होत्या. मित्राशी तह करून त्याच रात्री त्याचा पूल जाळला होता. ते राजकारण होतं, त्यानं झोप उडाली नाही. आणि हे एवढंसं वाक्य त्याला बोलता येईना. माझ्या बापाला ठाऊक नव्हतं म्हणून त्यानं सांगितलं नाही. मला ठाऊक आहे.

"काय, बाबा? बोला ना."

"काही नाही. पाणी गार होतंय," राजा म्हणाला आणि बाहेर आला.

ऊन अजून भिंतीवर होतं तेव्हा पंगत बसली, म्हणजे आडवी झाली. म्हातारे समोरच्या रांगेत, तरुण बाजूंना, कोराग राजाच्या उजव्या हाताला. वयोमानानं कोराग आता बैठा माणूस राहिलाच नव्हता, उभा किंवा आडवा. त्यानं शपथ घेतली, मोठ्यानं, आणि डुकराचं वर्णन असं केलं की बागेत तसलं जनावर मावलंच नसतं. तरुण ओरडले. माखातास नव्या मंचकावर आडवा झाला. कोपर उशीत रुतलं. इतक्या वर्षांनी पाठ वाकवायची परवानगी मिळाली, तिचं काय करावं हे त्या पाठीला कळत नव्हतं. ती ताठच राहिली, नुसती तिरकी.

"माखा, आता पाठ दुखेल रे!" कुणीतरी ओरडलं. हशा झाला. माखातास हसला, आणि हे हसणं वेगळं होतं. देर्दासनं ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

मत्तननं मोठा चांदीचा पेला आणला, दोन कानांचा, काठोकाठ. देर्दासनं तो घेतला. जड होता. म्हातारपणानं त्याचा हात अलीकडे थोडा हलायचा, त्यात आज जास्तच. वाइन काठावरून ओघळून त्याच्या बोटांवर आली.

"बघा बघा," कोराग म्हणाला, "डुक्कर पोरानं मारलं की बापानं?"

पुन्हा हशा. म्हातारे हसले नाहीत. ते पेल्याकडे बघत होते. देर्दासनं पेला पुढं केला. धर, त्यानं मनात म्हटलं, आणि सांड. देवा, एवढा एक पेला सांडू दे.

माखातासनं एका हातानं पेला घेतला. एका कानाला धरून. वर उचलला, चौफेर सगळ्यांना दाखवला, आणि एक थेंब न सांडता शांतपणे ओठांना लावला. दिव्याची ज्योत वारा नसताना राहते तसा तो हात होता.

"काय हात आहे!" तरुण ओरडले. "राजाचा हात आहे, राजाचा!" त्यांनी मंचकांवर मुठी आपटल्या. समोरच्या रांगेत एका म्हाताऱ्यानं आपला पेला खाली ठेवला. दुसऱ्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. तिसरा जमिनीवरच्या बियांकडे बघू लागला, फार लक्ष देऊन, जणू उद्याचं उत्तर त्यांच्यात मांडलेलं होतं. देर्दासनं आयुष्यात पुष्कळ लढाया पाहिल्या होत्या. रांग कधी फुटते हे त्याला आवाजावरून कळायचं, आणि त्याच्याही आधी, आवाज थांबतो त्यावरून.

"मत्तन," तो म्हणाला, "खुर्ची आण."

माखातासच्या तोंडाचा रंग उतरला. पेला अजून त्याच्या हातात होता, अजून स्थिर. मत्तन खुर्ची घेऊन आला आणि कुठं ठेवावी ते न कळून मधेच उभा राहिला.

"इकडं," राजा म्हणाला. तो मंचकावरून उतरला. उतरायला वेळ लागला, कुणी हात द्यायला धजलं नाही. ती जुनी खुर्ची त्यानं ओढून घेतली आणि तिच्यावर बसला. पाठ ताठ, गुडघ्यांवर हात. या बैठकीत समोरचं सगळं नीट दिसतं, हे बापानं कधी सांगितलं नव्हतं.

"महाराज?" समोरचा म्हातारा म्हणाला. "हे काय?"

"राजा बसून जेवतो," देर्दास म्हणाला. "आडवा होऊन जेवतो तो आजारी माणूस. तू आजारी आहेस का?"

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं आणि राजाला ते कळलं होतं, आणि ज्यांनी खरोखर डुक्कर मारलंय अशी दोन माणसं एकमेकांकडे बघतात तसं ते बघत राहिले. त्या नजरेत किती तिरस्कार होता आणि किती दया हे देर्दासला सांगता आलं नसतं. मग म्हाताऱ्यानं कण्हत एक पाय खाली घेतला, मग दुसरा, आणि उठून बसला. "नाही, महाराज. ठणठणीत आहे." राजा बसलेला असताना आडवं राहायचं कसं? त्याच्या शेजारचा बसला. मग रांगच्या रांग. मंचक आडवं होण्यासाठी केलेले, उंच. बुटक्या सरदारांचे पाय जमिनीला टेकेनात, ते लोंबकळत राहिले. खुर्च्या मागवाव्या तर वाड्यात एवढ्या खुर्च्या नव्हत्या. पडद्याआडून वर्दगुनाच्या खोकल्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

माखातास सगळ्यांत शेवटी बसला. बापाच्या शेजारी, मान खाली. आता त्या हातातला पेला हलत होता. थोडी वाइन गुडघ्यावर पडली. फार उशिरा, पण पडली.

"बाबा," तो पुटपुटला, "ते उठलंच नाही. मी टाळी नव्हती वाजवली, शपथ. त्याला वाटलं असेल मी जव घेऊन आलोय. माझ्याकडं बघत राहिलं."

देर्दासला वाटलं होतं की हे ऐकलं की मन शांत होईल, काय ते एकदा कळलं म्हणून. झालं नाही. आपण हे पोरासाठी केलं, की बापासाठी, की पट्टीसाठी, याचा त्याला पत्ता लागेना, आणि उद्या मैदानात भाले वाजतील की नाही याचाही. त्यानं अंगरख्याचं टोक धरलं आणि वाकून पोराचा गुडघा पुसला.

"नीट बस," तो म्हणाला. "पाठ सरळ. सवय आहे तुला."

दालनात आता एकच माणूस आडवा होता. राजाच्या उजव्या हाताला, पेला छातीवर धरून, तोंड उघडं टाकून कोराग गाढ झोपला होता. उद्या मैदानात तो फौजेपुढं उभा राहून झ्यूसची शपथ घेईल आणि सांगेल की मी तिथंच होतो, मी सगळं पाहिलं.